मदत हवी आहे: बागेतल्या झाडांची वर्षभराची नोंद कशी ठेवू?

बोटॅनिकल गार्डनमधली काही झाडं ठरवून वर्षभर बघायचीत, पानगळ, नवी पालवी, कळ्या, फुलं, फळं सगळं. सध्या सावर, कुसुम, बहावा आणि उंबर घेतलेत, पाटीवर शास्त्रीय नाव आहे त्यामुळे ओळखीचा प्रश्न नाही. दर आठवड्याला जाते, त्याच जागेवरून मोबाईलने फोटो काढते आणि वहीत तारीख टाकते.

अडतंय ते असं, की कुसुमाच्या एका फांदीला लालभडक कोवळी पालवी (इतकी सुंदर की फुलंच वाटतात!) आणि बाजूच्या फांदीला अजून जुनी पानं, मग त्या दिवशी लिहायचं काय? अंदाजे टक्के लिहून पाहिले पण मैत्रीण सोबत असली की तिचा आकडा वेगळाच येतो. सावरीचं सोपंय, निष्पर्ण झाडावरच फुलते. उंबराची फुलं मात्र फळाच्या आतच असतात आणि बागेत काहीही तोडायला बंदी आहे, ते बरोबरच आहे, त्यामुळे कापून बघणं नाही. दुर्बीण आहे, झूम कॅमेरा नाही.

कोणी अशा नोंदी ठेवल्या असतील तर सांगा ना, टक्क्यांऐवजी 'नाही, थोडं, भरपूर' एवढंच लिहिलं तर पुढच्या वर्षीशी तुलना करायला पुरेल का, आणि उंबराचा फुलोरा बाहेरून कशावरून धरायचा?