पिकअप उभी राहिली की हिट मारते, पळताना एकदम ठीक

जुन्नरचा_पिकअपवाला:
मंडळी नमस्कार, माझी डिझेल पिकअप आहे, नारायणगावहून टोमॅटो घेऊन वाशी मार्केटला जातो. रोडला काही त्रास नाही, माळशेज चढतानाही टेम्परेचरचा काटा अर्ध्यावरच असतो, पण वाशीला गेटवर लाईनीत इंजिन चालू ठेवून उभं राहिलं की दहा-पंधरा मिनिटात काटा लाल पट्टीला टेकतो, आणि गाडी पळायला लागली की परत खाली. कुलंट कमी होत नाही, खाली थेंब पण नाही. एक गॅरेजवाला म्हणतो हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉकमधलं सील) गेलंय, हेड उतरवू, दुसरा म्हणतो थर्मोस्टॅट वॉल (इंजिन तापलं की कुलंटला रेडिएटरची वाट उघडणारा) काढून फेकू. सीझन चालू आहे, गाडी उभी ठेवणं परवडणार नाही, काय करू?

डिझेलमिस्त्री:
दादा हेडला अजिबात हात लावू देऊ नका. उभी असताना गरम आणि पळताना थंड म्हणजे पाण्याचा नाही, हवेचा प्रॉब्लेम. पळताना समोरचा वारा रेडिएटर थंड करतो, उभं राहिल्यावर ते काम एकट्या फॅनचं, आणि तुमचा फॅन ओढत नाहीये. बेल्टवरचा फॅन असेल तर मधे विस्कस कपलिंग असतं, गरम झालं की फॅनला पकडून जोरात फिरवणारं, आत सिलिकॉन ऑइल. गाडी चांगली तापली की इंजिन बंद करा, चावी काढून खिशात, मग फॅन हाताने फिरवा. जड लागला पाहिजे. झटका दिल्यावर भिरभिरत राहिला तर कपलिंग गेलं. मधल्या गोल भागावर तेलकट धूळ चिकटलीय का तेही बघा. इलेक्ट्रिक फॅन असेल तर आधी फ्यूज, रिले, मग मोटर. बेल्ट ढिला आहे का तेही दाबून बघा.

घाटावरचा:
वरच्यांना +१. अजून एक, एसी असेल तर कंडेन्सर (रेडिएटरसमोरची एसीची जाळी) आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत टॉर्च मारून बघा, आपल्याकडच्या शेतरस्त्याची माती आणि किडे तिथे असे गच्च बसतात की समोरून जाळी स्वच्छ दिसते आणि आतून हवा जातच नाही. पाणी इंजिनच्या बाजूने बाहेर मारा, वॉशिंग सेंटरचं फुल प्रेशर नको, जाळीचे बारीक पत्रे आडवे होतात. फॅनभोवतीचं प्लास्टिक कव्हर तुटलं असेल तर फॅन तीच गरम हवा फिरवत बसतो. आणि गरम असताना रेडिएटरची कॅप कोणी उघडू नका रे, तोंड-हात भाजतात.

डिझेलमिस्त्री:
गॅस्केटची शंका असेल तर सकाळी गार गाडीत कॅप उघडून स्टार्ट करा, बुडबुडे येतच राहिले, रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाईप) लगेच दगड झाला किंवा ऑइल दुधाच्या चहासारखं झालं तरच हेडचं बोलू. आणि थर्मोस्टॅट वॉल काढू नका. तो साधारण ८२ डिग्रीच्या आसपास उघडतो, अडकला असता तर माळशेज चढतानाच हिट मारली असती. काढलात तर इंजिन थंड चालेल, डिझेल जास्त खाईल.

जुन्नरचा_पिकअपवाला:
बघितलं दादा, फॅन गरम असतानाही मोकळा फिरतोय आणि मधे तेलाचा काळा चिकटा आहे. जाळी पण धुतली, चिखलच निघाला. गॅरेजवाला म्हणतो नवीन कपलिंग कशाला, बोल्ट मारून जाम करून देतो. चालेल का?

डिझेलमिस्त्री:
अडचणीत घरापर्यंत यायला ठीक, कायमचं नको. फॅन सतत इंजिनच्या स्पीडने फिरतो, आवाज आणि डिझेल वाढतं, जास्त रेसला पातं तुटून रेडिएटरमधे घुसू शकतं. नवीनच टाका. बऱ्याच गाड्यांना नट उलट्या आट्याचा असतो, जोर लावायच्या आधी बघून घ्या. आणि नवीन कपलिंग दुकानातून आणताना उभं ठेवा, आडवं टाकलं तर आतलं ऑइल बाहेर येतं. तोपर्यंत लाईनीत एसी बंद, हीटर फुल, ब्लोअर फुल (इंजिनची थोडी गरमी केबिनमधून निघते), तरी काटा चढला तर सरळ इंजिन बंद करा.