रात्रीचा आवाज: पंप की ३०२? (सोसायटीचा ग्रुप; आकडे म्हणजे फ्लॅट नंबर)

४०२: रात्री साडेअकरानंतर खालून घर्रर्र असा आवाज येतो. पंप चालू राहतोय का? सेक्रेटरी साहेब, जरा बघा.

सेक्रेटरी: पंप १० ला बंद होतो. मी स्वतः बंद करतो.

३०२: सॉरी काकू, तो माझा कॉम्प्युटर असणार 🙏 गेम लावला की ग्राफिक्स कार्डचे पंखे बेफाम सुटतात. हल्ली तर १० मिनिटांत चित्र अडखळायला लागतं. कार्ड ५ वर्षं जुनं आहे, बदलावंच लागणार बहुतेक.

२०१: एवढ्यात बदलू नकोस. तापमान किती दाखवतंय?

३०२: ७४. तेच तर कळत नाहीये काका, ७४ म्हणजे काही फार नाही ना?

२०१: तो एकच आकडा झाला. चिपवर बरेच सेन्सर असतात, त्यातल्या सगळ्यात तापलेल्या जागेला हॉटस्पॉट म्हणतात. जीपीयू-झेड हा कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम उघड, सेन्सरच्या पानावर त्याची वेगळी ओळ असेल. गेम चालू ठेवून बघ.

३०२: १०५ 😳

२०१: म्हणजे फरक ३१. दहा-पंधराचा फरक असतोच, विसापर्यंत मी तरी मनावर घेत नाही. नुसती धूळ असती तर दोन्ही आकडे जोडीने चढले असते. इथे एकच पळालाय, म्हणजे चिपचा एखादा भाग हीटसिंकला, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याला, नीट टेकत नाहीये. थर्मल पेस्ट गेली असणार.

५०३: ही पेस्ट म्हणजे चिकटवायचा गोंद का हो?

२०१: नाही ताई, चिकटवायचं काम स्क्रू करतात. चिप आणि तिच्यावरचा तांब्याचा ठोकळा दिसायला गुळगुळीत, पण बारीक बघितलं तर दोन्हीवर खाचखळगे. त्यात हवा अडकते. तांब्याची उष्णतावाहकता साधारण ४०० वॅट प्रति मीटर केल्विन, हवेची ०.०२६. पेस्टची फार तर ५ ते १०. म्हणजे तांब्यापुढे अगदीच फुसकी, पण तिची बरोबरी तांब्याशी नाहीच, तिने फक्त हवेला हुसकायचं असतं. म्हणूनच जाड थर लावला तर उलट नुकसान.

५०३: मग ५ वर्षांत ती वाळते?

२०१: वाळते, पण त्याहून जास्त ती सरकते. चिप तापली की फुगते, गार झाली की आकसते. रोजच्या या हालचालीने पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते आणि मध्ये कोरडं पडतं. याला पंप-आउट म्हणतात.

४०२: म्हणजे शेवटी पंपच ना! मी म्हटलंच होतं.

१०४: टूथपेस्ट लाव रे, मी व्हिडिओ बघितलाय 😂

२०१: चालते थोडे दिवस. पाणी उडालं की खडू. आणि कोणी लिक्विड मेटल सुचवायच्या आत सांगतो, नको. त्यात गॅलियम असतं, अॅल्युमिनियमला पोखरतं, आणि वीजवाहक असल्याने थेंब इकडेतिकडे गेला तर कार्डच जायचं.

३०२: रविवारी करतो. काय काय सांभाळू?

२०१: आधी थोडा वेळ गेम चालव, मग बंद करून वायर काढ आणि कार्ड कोमट असतानाच उघड. गार पेस्ट घट्ट धरून बसते. चिपभोवतीचे ४ स्क्रू समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे सैल कर. हीटसिंक सुटत नसेल तर किंचित पीळ दे, खाली स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नकोस. आणि सुटल्यावर झटकन उचलू नकोस! पंख्याची वायर खाली जोडलेली असते. ती काढताना प्लास्टिकची टोपी धरायची, तारा ओढायच्या नाहीत. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूस. चिपच्या कडेला मोहरीएवढे कॅपॅसिटर असतात, तिथे खरवडायचं नाही. कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर धातूचं झाकण असतं, म्हणून मध्ये एक ठिपका पुरतो. ग्राफिक्सची चिप उघडी असते, कोपरे धरून सगळी झाकली गेली पाहिजे.

*रविवार*

३०२: झालं! मधोमध पेस्ट जवळजवळ नव्हतीच, आरशासारखी चिप दिसत होती. कडेला मात्र बांध घातल्यासारखी जमलेली. आता टेस्ट करतो.

३०२: काका, आधीपेक्षा वाईट. ८३ आणि १०९. लगेच बंद केलं.

२०१: पॅडना हात लावलास का?

३०२: मेमरीच्या चिपांवरचे, उष्णता हीटसिंकला पोचवणारे मऊ तुकडे ना? उघडताना दोन फाटले. घरात होते ते लावले.

२०१: किती जाडीचे?

३०२: १.५ मिमी. जुने... थांबा, मोजतो. १ मिमी 🤦

२०१: तिथेच गाडी अडली. हीटसिंक मेमरीच्या पॅडवर आडून बसला, चिपपर्यंत पोचलाच नाही. परत उघड आणि पेस्टचा ठसा बघ.

३०२: बरोबर. एका कोपऱ्यात पेस्ट लावली तशीच आहे, दबलेलीसुद्धा नाही.

२०१: स्क्रू आवळून तो अर्धा मिमी भरून निघत नाही, बोर्ड वाकतो फक्त. १ मिमीचे पॅड आण, पेस्ट पुसून नव्याने लाव. दुसऱ्यांदा उघडतोच आहेस तर पीटीएम७९५० मिळते का बघ. हनीवेलची आहे, पेस्ट नाही, पातळ पापुद्रा असतो. ४५ अंशांच्या आसपास मऊ होऊन पसरतो आणि पेस्टसारखा कडेला सरकत नाही. कापायच्या आधी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेव, नाहीतर वरचा कागद निघता निघत नाही.

सेक्रेटरी: लिफ्टच्या देखभालीची सूचना वर गेली आहे, कृपया सर्वांनी स्क्रोल करून वाचावी.

*गुरुवार*

३०२: ६७ आणि ८०!! फरक १३. पंखे अर्ध्या स्पीडवर. पहिल्या दिवशी हॉटस्पॉट ८६ होता, तीन-चार वेळा तापून गार झाल्यावर इथे आला.

२०१: तो पापुद्रा तसाच बसतो. आता पॅडची जाडी कार्डाच्या खोक्यावर लिहून ठेव.

३०२: लिहिली. काकू, आता त्रास नाही ना?

४०२: काल रात्री साडेअकरानंतर आला की आवाज.

३०२: काल? मी तर काल गावाला होतो, मशीन बंद होतं.

सेक्रेटरी: पंपाचा टायमर बघतो.