फरगाना खोऱ्याची सीमा इतकी वेडीवाकडी का?

नकाशाप्रेमी: फरगाना हे डोंगरांनी वेढलेले एकसंध खोरे असूनही ते उझबेकिस्तान, किरगिझस्तान आणि ताजिकिस्तान यांत विभागलेले आहे आणि एका देशाच्या पोटात दुसऱ्याचे तुकडे दिसतात. ही विभागणी वस्ती पाहून झाली की पाणी पाहून? जाणकारांनी कृपया सांगावे.

दर्याकाठ: नारिन आणि कारा दर्या या नद्या नमनगानजवळ एकत्र येतात व तिथून पुढे सिर दर्या हे नाव लागते. सुमारे ३०० किलोमीटर लांबीच्या या खोऱ्याला पश्चिमेला खुजंद शहराकडची चिंचोळी वाट तेवढी मोकळी आहे. १४८३ साली अंदिजानला जन्मलेल्या बाबराने आत्मवृत्तात लिहिले आहे की, हिवाळ्यात शत्रू येईल तर त्या पश्चिमेच्या बाजूनेच. पाऊस तुटपुंजा, त्यामुळे शेती पाटाच्या पाण्यावरच चालते. दक्षिणेच्या डोंगरांतून उतरणारी सोख नदी सिर दर्येला मिळण्याआधीच शेतांत संपून जाते. १९३९ मध्ये कापसासाठी लाखाहून अधिक शेतकऱ्यांना कुदळ-फावडी घेऊन महाफरगाना कालव्यावर उतरवले गेले आणि त्याचे मुख्य खोदकाम दीड महिन्यात उरकले.

जुनी बखर: रशियाने १८७६ मध्ये कोकंदची खानशाही खालसा केली, तोवर खोरे बव्हंशी एकाच सत्तेखाली होते. सीमा आखणे सुरू झाले ते सोव्हिएत राजवटीत, १९२४ पासून. ‘स्टॅलिनची फोडा आणि झोडा नीती’ हे उत्तर नेहमी दिले जाते, पण माझ्या मते ते अपुरे आहे, कारण स्थानिक पुढाऱ्यांनीही गावागावासाठी घासाघीस केली होती. ओश शहरात उझबेक वस्ती जास्त होती, तरी डोंगराळ किरगिझ मुलखाला बाजारपेठेचे शहर हवे म्हणून ते तिकडे गेले. खुजंद १९२९ मध्ये ताजिकांना मिळाले. सोखचा तुकडा उझबेकिस्तानचा, भोवती किरगिझस्तान आणि राहणारे बहुतेक ताजिक! एका राज्यातल्या जिल्ह्यांसारख्या आखलेल्या या रेषा १९९१ मध्ये सोव्हिएत संघ फुटल्यावर आंतरराष्ट्रीय सीमा ठरल्या.

नकाशाप्रेमी: म्हणजे वस्ती, बाजार आणि घासाघीस. मग पाण्याचे काय?

दर्याकाठ: पाण्याचा वाद पुढे चिघळला. नारिनवरील तोक्तोगुल धरण किरगिझस्तानात आहे. त्यांना हिवाळ्यात विजेसाठी पाणी सोडायचे असते, तर खालच्या उझबेक शेतकऱ्याला ते उन्हाळ्यात हवे असते. सोव्हिएत काळात या बदल्यात खालून कोळसा व गॅस मिळे, ती व्यवस्था नंतर मोडली. इस्फारा नदीच्या पाणीवाटप केंद्रावरून एप्रिल २०२१ मध्ये किरगिझ व ताजिक सैन्यांत चकमक झाली. त्या दोघांचा सीमाकरार मार्च २०२५ मध्ये झाला खरा, पण तोक्तोगुलची ओढाताण निराळी आहे आणि ती दर हिवाळ्यात नव्याने सोडवावी लागते.