सुट्टीहून आल्यावर कामात मन लागंना, तुमच्याकडं पण असंच होतं का?

मांजराकाठची (लातूर):
नमस्कार मंडळी. मी एका बँकेच्या शाखेत आहे, कोणती ते राहू द्या. लेकरांच्या परीक्षा झाल्या तसं घरचे सगळे मिळून मालवण-तारकर्लीला जाऊन आलो. फोंडा घाट उतरलं की हवाच बदलते बघा, सासूबाई तर म्हणाल्या आता हितंच राहू. मासे, झोप आन् पाण्यात पाय सोडून बसणं, दुसरं काही केलंच नाही. आता परत आलेय तर इकडं बेचाळीस डिग्री ऊन, आमच्या गल्लीतला नळ आदल्या दिवशीच येऊन गेलेला म्हणून आल्या आल्या टँकर सांगा, कपड्याचा ढीग तसाच, आन् शाखेत पीक कर्ज नवं-जुनं करायची, म्हणजे जुनं भरून नवं उचलायची गर्दी, मे-जूनला आमच्याकडं उभं राहायला जागा नसते. आठवडा होत आला तरी सकाळी उठू वाटंना, काउंटरवर बसू वाटंना. साहेब पण म्हणाले, मॅडम अजून समुद्रावरच का? जायच्या आधी मी बरी होते की! आळशी झाले का काय?

वाळूज_बी_शिफ्ट:
ताई आळस-बिळस काही नाही हे. आमची शिफ्ट दर आठवड्याला फिरती, रात्रपाळीहून दिवसाला आलो की दोन-तीन दिवस डोकं चालत नाही, जेवण जात नाही. तुम्ही तिकडं उशिरा झोपलाव उशिरा उठलाव, म्हणजे तुमची पण शिफ्ट बदललीच की. झोप जागेवर आली की अर्धं काम झालं. आन् एक करा, सोमवारी जॉईन होतच जाऊ नका. मी गावाकडून आलो की बुधवार-गुरुवार धरतो, तोवर घरचं पाणी, किराणा, कपडे उरकून जातात आन् दोन-तीन दिवस काढले की ऑफ येतोच. रविवारी रात्री अकराला गाडीतून उतरायचं आन् सकाळी ड्युटी, त्यात माणूस गळणारच.

गोदाकाठचे_काका (नांदेड):
मी बँकेतूनच रिटायर झालो. एकच विचारतो, तारकर्लीला फोन चालू होता का?

मांजराकाठची:
काका, बंद कसा ठेवणार? रोज होताच. अमक्याची फाईल कुठंय, तमक्याचा सातबारा आला होता का. एकदा तर बोटीत बसल्यावर.

गोदाकाठचे_काका:
मग तुमची सुट्टी झालीच नाही, फक्त गाव बदललं. रिझर्व्ह बँकेनं २०२१ ला सर्क्युलर काढलं होतं, संवेदनशील जागेवरच्या माणसाला वर्षातून एकदा सलग किमान १० कामाचे दिवस सक्तीची रजा द्यायची, ती पण आधी न सांगता. त्या काळात त्याला कामाच्या सिस्टिमला हात लावू द्यायचा नाही, ऑफिसचा ईमेल तेवढा चालतो. हेतू वेगळा आहे, काही गडबड असेल तर तो जागेवर नसताना उघडी पडावी. तुमची पोस्ट त्यात नसेलही. पण त्यातून हे तर कळतं ना की दहा दिवस तुम्ही नसलात तरी शाखा चालते, चाललीच पाहिजे. जाताना चार्ज लेखी द्या, फाइलींची यादी टेबलावर ठेवा आणि मग फोन उचलू नका. वाईट वाटलं तर वाटू द्या.

अभ्यासू_पोरगा:
नेदरलँड्समधल्या संशोधकांनी ५४ नोकरदारांचा अभ्यास केला होता, २०१३ ला छापून आला. लांब सुट्टीत माणसाला सगळ्यात बरं साधारण आठव्या दिवशी वाटतं, आणि कामावर आल्यावर पहिल्या आठवड्यातच ते परत जुन्या पातळीवर येतं. तीन-तीन आठवडे सुट्टी घेणाऱ्यांचं हे. म्हणून वर्षातून एकच मोठी ट्रिप करण्यापेक्षा मधे मधे छोट्या घ्याव्यात असं मला तरी वाटतं.

बियाणेवाला_परभणी:
आठवा दिवस म्हणे! आमचं कृषी केंद्र, रोहिणी लागल्या की दुकानातच जेवण. ताई राग मानू नका, पण तुमच्या काउंटरपुढं जो माणूस उभा आहे ना त्याला मृगाच्या आत पैसे हातात पाहिजेत. कर्ज जूनच्या शेवटाला पडलं तर तो आमच्याकडं उधारीत बियाणं उचलतो, आन् उधारीचा भाव वेगळा असतोय, मीच लावतो म्हणून सांगतो. मन लागो न लागो, ज्याचे कागद पूर्ण आहेत त्याची फाईल आधी काढा. बाकी नवीन अर्ज, केवायसी दुपारनंतर.

वाळूज_बी_शिफ्ट:
भाऊ, ताईनं झोपेचं विचारलं, तुम्ही वसुलीला निघालाव 😀

मांजराकाठची:
असू द्या, खरंय त्यांचं. आज सकाळी पूर्ण कागदवाल्यांचा गठ्ठा वेगळा केला, दुपारपर्यंत बऱ्यापैकी सरकला, गर्दीत समुद्र आठवायला वेळच मिळाला नाही. दिवाळीला दोन दिवस नळदुर्ग-तुळजापूर करायचं ठरतंय, काकांची यादी तेव्हा करून बघते. पण फोन उचलला नाही तर साहेब शेजारणीला लावतील, तिचा नंबर आहे त्यांच्याकडं. त्याला काय करू?