किलझोन २ आता घ्यावा का? पीएस३ वर खेळलेल्यांनी मत द्या

चौकट

थोरल्या भावाने त्याचा पीएस३ (प्लेस्टेशन ३) मला देऊन टाकला. सोबत गेम एकही नाही. मला एकट्याने निवांत खेळायला एक चांगला शूटर (गोळीबाराचा गेम) हवा आहे, आणि शोधता शोधता किलझोन २ वर येऊन थांबलोय. फेब्रुवारी २००९ चा गेम, ॲमस्टरडॅमच्या गुरिला गेम्सचा. पुढे होरायझन झीरो डॉन ज्यांनी केला, तेच हे लोक. तेव्हाची परीक्षणं वाचली तर सगळीकडे कौतुक, परीक्षणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिकवर १०० पैकी ९१ गुण.

अडचण अशी की ती सगळी परीक्षणं तेव्हाचीच आहेत. अधिकृत ऑनलाइन सर्व्हर २९ मार्च २०१८ ला बंद झाले, त्यामुळे ज्या भागाबद्दल लोक भरभरून बोलले तो आता अधिकृतपणे खेळता येत नाही. दुसरं म्हणजे जो तो सांगतो की याचे कंट्रोल जड आहेत. जड म्हणजे नेमकं काय? सवयीने सुटतं का? मी सेकंदाला साठ फ्रेमवर (चित्रांवर) चालणाऱ्या नव्या शूटरवर वाढलोय. वापरलेली डिस्क मिळते आहे आणि सध्या एकच गेम घ्यायचा आहे. घेऊ का?

डावखुरा

नका घेऊ. मी तो निघाला त्याच महिन्यात घेतला होता आणि पुढची दोन वर्षं जवळपास रोज खेळलो, म्हणून सांगतोय.

मी जे खेळलो ते वॉरझोन होतं, म्हणजे ऑनलाइन इतरांशी लढायचा भाग. एका नकाशावर ३२ जण, सामना मध्ये थांबत नाही, आणि दर थोड्या वेळाने काम बदलतं: आत्ता एखादी जागा धरून ठेवायची, मग स्फोटकं लावायची, मग समोरच्या संघातला नेमून दिलेला एकच माणूस टिपायचा. अशी पाच कामं एकाच सामन्यात. मघापर्यंत ज्या गल्लीत आपण चढाई करत होतो तिथेच आपल्याला जीव वाचवत दबून बसावं लागायचं. तसा अनुभव मला त्या पिढीत दुसऱ्या कुठल्या गेमने दिला नाही. तो गेला. हातात उरतं ते आठ-दहा तासांचं कॅम्पेन, म्हणजे एकट्याने खेळायची गोष्ट.

आता जडपणाचं. गेम ३० फ्रेमवर चालतो, म्हणजे एक फ्रेम ३३ मिलिसेकंदांची. बटण दाबल्यापासून पडद्यावर गोळी सुटलेली दिसेपर्यंत अशा कित्येक फ्रेम निघून जातात. त्यात कंट्रोलरची स्टिक (छोटी दांडी) हलवली की नजर आधी मंद वळते आणि मग एकदम धावते. बारीक नेम धरायला गेलात की शत्रूच्या डोक्यावरून पुढे जाता, परत येता, पुन्हा पुढे जाता. नंतर अपडेटमधून हाय प्रिसिजन नावाचा पर्याय आला. त्याने स्टिकचा त्रास बराच कमी होतो, पण बटणाला होणारा उशीर काही जात नाही. साठ फ्रेमची सवय असलेल्या हातांना पहिला तासभर गुडघाभर पाण्यातून चालल्यासारखं वाटेल.

जुनीडिस्क

डावखुरा यांनी सांगितलेली एकही गोष्ट खोटी नाही. तरीही माझं उत्तर उलटं आहे. घ्याच.

मी ऑनलाइन कधीच खेळले नाही. माझ्यासाठी किलझोन २ म्हणजे कॅम्पेनच, आणि ते मी चार वेळा पूर्ण केलंय. शेवटचं मागच्या वर्षी, सर्व्हर बंद झाल्यावर कित्येक वर्षांनी. त्यातलं काहीही कमी झालेलं नाही.

पहिला प्रसंगच घ्या. उघड्या यानाच्या कठड्याला धरून तुम्ही हेल्गान ग्रहावर उतरता. धूळ, वीज, खाली पेटलेली शहराची कडा, शेजारची यानं एकेक करून पडतायत. खाली उतरल्यावर पहिल्याच भिंतीआड बसलात की कळतं, हा गेम तुम्हाला पळवत नाही, अडवतो. आडोसा घेतला तरी कॅमेरा बाहेर जात नाही. नजर तुमचीच राहते, दगडाच्या कडेवरून डोकं वर काढायचं, दोन गोळ्या झाडायच्या, परत खाली. हातात एकच मोठी बंदूक आणि कमरेला पिस्तूल, त्यामुळे कुठली उचलायची आणि कुठली टाकायची हा निर्णय दर लढाईत नव्याने घ्यावा लागतो.

आणि शत्रू! हेल्गास्ट सैनिकाला खांद्यात गोळी लागली तर तो खांदा मागे घेऊन वळतो. पायात लागली तर तोल जातो. पडताना कठड्याला आपटतो, पायऱ्यांवरून घरंगळतो. ॲनिमेशन आणि भौतिकशास्त्र एकमेकांत असं मिसळलंय की दोन मरणं सारखी दिसत नाहीत. ते मूर्खही नाहीत. तुम्ही एका जागी फार वेळ बसलात तर एक जण गोळीबाराने तुम्हाला दाबून ठेवतो आणि दुसरा बाजूने फिरून येतो. नाहीतर ग्रेनेड टाकून तुम्हाला बाहेर काढतात. आजच्या कित्येक शूटरमध्ये शत्रू नुसते उभे राहून गोळ्या खातात, तेव्हा मला हा गेम आठवतो.

तुम्ही ज्याला जडपणा म्हणता तो याच्याशी जोडलेला आहे. इथे सैनिकाला वजन आहे, बंदुकीला वजन आहे. बटणाला होणारा उशीर हा दोषच आहे, त्याचं समर्थन मी करत नाही. पण वळायला लागणारा वेळ, पळताना हलणारी बंदूक, गोळ्या भरताना लागणारा तो लांब क्षण, हे मुद्दाम घडवलेलं आहे, आणि त्यामुळेच भिंतीआडून बाहेर पडायची भीती वाटते.

डावखुरा

मुद्दाम काय आणि नाइलाजाने काय, यात तुम्ही सरमिसळ करताय. ई३ या गेमच्या प्रदर्शनात २००५ मध्ये जो ट्रेलर दाखवला तो खऱ्या गेमचा नव्हता, आधीच तयार केलेलं ॲनिमेशन होतं. त्यावरून गदारोळ झाला आणि पुढची चार वर्षं स्टुडिओ त्या चित्राची बरोबरी करायला धडपडत राहिला. पीएस३ मध्ये मेमरी किती? २५६ एमबी मुख्य आणि २५६ एमबी ग्राफिक्सची. त्यात हा धूर, ही प्रकाशयोजना, हे कोसळणारे खांब बसवायचे म्हणजे कुठेतरी किंमत मोजावी लागणार. ती खेळणाऱ्याच्या हातांनी मोजली. चालता चालता मध्येच क्षणभर गेम थबकतो आणि लोडिंग अशी अक्षरं दिसतात, तेही त्यातलंच.

शिवाय त्याच स्टुडिओने २०११ मध्ये किलझोन ३ काढला तेव्हा कंट्रोल हलके आणि चपळ केले. वजन हीच त्यांची इच्छा असती तर बदललं कशाला?

जुनीडिस्क

लोकांनी तक्रार केली म्हणून. आणि किलझोन ३ खेळून बघा, भीती गेली आहे.

पहाटवारा

दोघांच्या मध्ये बोलतो, कारण खरा प्रश्न टीव्हीचा आहे आणि तो कुणीच विचारला नाही. चौकट, तुमच्या टीव्हीवर गेम मोड सुरू आहे का? आताचे टीव्ही चित्र सुंदर करण्यासाठी त्यावर आपली प्रक्रिया करतात आणि त्यात वेळ जातो. हलका गेम असेल तर ते खपून जातं. किलझोन २ मध्ये मुळातच उशीर आहे, त्यावर टीव्हीचा उशीर चढला की तो खेळण्यासारखा राहत नाही. मी आधी चित्रपटाच्या मोडवर खेळून गेम बाजूला टाकला होता. गेम मोड लावून परत बसलो तर तोच गेम वेगळा वाटला. साठ फ्रेमसारखा झाला नाही, पण पाणी गुडघ्यावरून घोट्यापर्यंत उतरलं.

दुसरं, कंट्रोलर. इतक्या वर्षांनी स्टिक ढिल्या झालेल्या असतात आणि नेम आपोआप सरकतो. गेमला दोष देण्याआधी ते तपासा. या गेममध्ये कंट्रोलर हातात वाकवून झडपा फिरवाव्या लागतात, स्फोटकं लावतानाही तेच. म्हणून मूळ कंपनीचाच कंट्रोलर असलेला बरा, स्वस्तातल्या नकलांमध्ये हालचाल ओळखणारा भाग कधी कधी नसतो.

तिसरं, डिस्क. ब्लू-रेवर कडक थर असतो, त्यामुळे डीव्हीडीइतके ओरखडे पडत नाहीत, पण पडले तर तितकेच वाईट. माझी पहिली डिस्क वापरलेली होती, विकणाऱ्याने एकदम चांगली म्हणून दिली. पुलावरच्या लढाईत दरवेळी एकाच जागी अडकायची. सात-आठ तास खेळून तिथे अडकणं म्हणजे काय, ते ज्याचं झालंय त्यालाच कळेल. प्रकाशात धरून नीट पाहा आणि परत करायची सोय असेल तरच घ्या.

तिसरीघंटा

मी खेळलोय आणि मला तो शिफारस करण्यासारखा वाटत नाही, पण कारण कंट्रोल नाही. कारण गोष्ट.

हेल्गास्ट हे वेक्टा ग्रहावरून बाहेर पडलेल्या माणसांचे वंशज. हेल्गानच्या हवेत त्यांना मुखवटे लावून जगायला शिकावं लागलं. पहिल्या गेममध्ये त्यांनी वेक्टावर हल्ला केला. दुसऱ्यात आपण त्यांच्या ग्रहावर चालून जातो, त्यांच्या नेत्याला, व्हिसारीला, पकडायला. म्हणजे इथे घुसखोर आपण आहोत. सुरुवातीला व्हिसारीचं भाषण आहे, ब्रायन कॉक्सच्या आवाजात, आणि ते ऐकताना अंगावर काटा येतो. इतकी मोठी गोष्ट हातात असताना पुढे काय मिळतं? सेव्ह, रिको, गार्झा, नॅटको या आपल्या तुकडीतल्या चौघांची आरडाओरड आणि शिव्या. त्या शहरात राहणारं कोण आहे, त्यांच्या घरांचं काय झालं, हे गेम विचारतच नाही. रस्ते इतके जिवंत बांधलेत की तिथली माणसं नाहीत हे सारखं खुपतं.

जुनीडिस्क

हे मान्य. रिकोबद्दल तर पूर्ण मान्य. मला शेवट मात्र लागला. काय होतं ते सांगत नाही, पण जिंकल्यासारखं वाटू नये अशी ती जागा आहे, आणि त्या काळच्या युद्धाच्या गेममध्ये एवढं धाडस फार थोड्यांनी केलं.

चौकट

सगळ्यांचे आभार, इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. टीव्ही बघितला. गेम मोड बंदच होता.

दोन प्रश्न. सर्व्हर नसताना वॉरझोनची थोडी तरी चव मिळते का? आणि भाऊ अधूनमधून येतो, दोघांना एकत्र खेळता येईल का?

जुनीडिस्क

पहिल्याचं उत्तर हो. स्कर्मिश नावाचा भाग आहे, तोच मल्टिप्लेअर पण इंटरनेटशिवाय, बॉट्सबरोबर (गेमच चालवतो ते खेळाडू). जास्तीत जास्त १५ बॉट्स. माणसांची सर नाही, पण बॉट्स चांगलेच चिवट आहेत आणि नकाशे तेच.

डावखुरा

दुसऱ्याचं उत्तर नाही, आणि इथे माझं म्हणणं अजून पक्कं होतं. किलझोन २ मध्ये एका टीव्हीवर दोघांना खेळताच येत नाही. भाऊ येणार असेल तर त्याने नुसतं बघत बसायचं का? किलझोन ३ चं कॅम्पेन पडदा दुभागून दोघांना खेळता येतं. रेझिस्टन्स ३ या शूटरचंही. तोही २०११ चाच, इन्सॉम्नियॅक स्टुडिओचा. त्याचे सर्व्हरही २०१४ मध्येच गेले, पण कॅम्पेन आजही उत्तम आहे. सगळ्या बंदुका जवळ राहतात, वापरत गेलात की सुधारत जातात, आणि जखम आपोआप भरत नाही, औषध शोधावं लागतं. एकच गेम घ्यायचा तर मी तो घेईन.

ट्रॉफी (गेममधली बक्षिसं) जमवत असाल तर अजून एक. किलझोन २ च्या काही ट्रॉफी ऑनलाइन खेळूनच मिळायच्या. अधिकृत सर्व्हर बंद, म्हणजे अधिकृत मार्गाने प्लॅटिनम (सगळ्या ट्रॉफी जमल्यावर मिळणारी) विसरा.

पहाटवारा

रेझिस्टन्स ३ बद्दल सहमत. फक्त चौकट यांनी सुरुवातीला एकट्याने निवांत खेळायला म्हटलं होतं, आणि किलझोन २ ची एक गोष्ट वेगळी आहे: तो पीएस४ किंवा पीएस५ साठी नव्याने कधी काढला गेलाच नाही, आणि पीएस५ मध्ये पीएस३ ची डिस्क चालत नाही. हॅलो या दुसऱ्या शूटरचे जुने भाग एकत्र करून २०१४ मध्ये साठ फ्रेमवर आणले, तसं याच्या वाट्याला आलं नाही. डिस्क घालून खेळायचा तर तुमच्याकडे आहे तेच यंत्र लागतं.

चौकट

ट्रॉफींचं मला काही नाही. भावाला फोन करून विचारलं, तर तो म्हणाला की त्याला बघायलाच आवडेल, पूर्वी मीही त्याला खेळताना तासन्‌तास बघत बसायचो. त्यामुळे आधी किलझोन २ घेतो. रेझिस्टन्स ३ पुढच्या वेळी, डावखुरा यांचं ऐकून.

डावखुरा

घेताय तर नीट घ्या. हाय प्रिसिजन पहिल्याच मिनिटाला सुरू करा, नंतर केलंत तर हाताला आधी चुकीची सवय लागते. अवघडपणा ट्रूपरवर ठेवा. व्हेटरनवर शेवटचा राजवाडा एकट्याने काढणं फार त्रासाचं आहे, आणि तिथे हेल्गास्टचा कर्नल राडेक पुन्हा पुन्हा मारतो तेव्हा याच उशिराचा सगळ्यात जास्त राग येतो. पहिले दोन टप्पे संपेपर्यंत मत बनवू नका. सुलजेव्हाच्या वाळवंटात पोचलात की इथे येऊन लिहा, हाताला काय वाटतंय ते मला खरंच जाणून घ्यायचं आहे.