एका पानाच्या नेच्यात १२६० गुणसूत्रं कशासाठी?

श्रावणसर_बोरिवली:
पहिले दोन-तीन पाऊस झाले की आमच्या सोसायटीमागच्या गवतात ऑफिओग्लॉसम (एक छोटा नेचा, म्हणजे फर्न) उगवतं. बोटाएवढी उंची, एकच पान, आणि पानाच्या बुडाशी फुटलेली एक काडी. भिंगातून पाहिलं की काडीच्या दोन्ही कडांना पिवळट बीजाणुधान्या दाटीवाटीने बसलेल्या दिसतात. टीवायला सरांनी सांगितलं की याच्याच भावकीतल्या ऑफिओग्लॉसम रेटिक्युलॅटममध्ये १२६० च्या घरात गुणसूत्रं असतात. माणसात ४६! नोट्समध्ये पुढे फक्त 'पॉलिप्लॉइडी' (गुणसूत्रांचे दोनापेक्षा जास्त संच असणं) लिहिलंय आणि विषय संपवलाय. जीनोम, म्हणजे पेशीतला सगळा डीएनए, पुन्हा पुन्हा दुप्पट झाला असेल, तर एवढ्या जनुकांचं हे इवलंसं झाड करतं काय? आणि हे नेच्यांमध्येच इतकं का?

टेरिडो_मुलुंड:
श्रावणसर, बॉटनी शिकवण्यात माझी हयात गेली, आणि हा प्रश्न विचारणारं कुणी भेटलं की मला फार बरं वाटतं. तो आकडा आपल्याच देशातला आहे बरं का. केरळात अब्राहम आणि निनान यांनी १९५४ साली तो प्रसिद्ध केला.

दुप्पट होण्याची वाट अशी. अर्धसूत्री विभाजन फसलं की गुणसूत्रं निम्मी न झालेला बीजाणू तयार होतो. फुलझाडात अशा पेशीला जोडीदार मिळणं कठीण. नेच्याचा बीजाणू मात्र मातीत पडून स्वतंत्र वाढतो आणि त्यातून उगवलेल्या चिमुकल्या युग्मकोद्भिदावर (नर-मादी पेशी तयार करणाऱ्या वेगळ्या रोपट्यावर) बहुधा नर आणि मादी दोन्ही अवयव येतात. तो स्वतःच स्वतःचं फलन करू शकतो, त्यामुळे दुप्पट संच एका पिढीत पक्का होतो. दोन जातींच्या संकरात गुणसूत्रांना जोड्या सापडत नाहीत म्हणून संकर वांझ राहतो. संच दुप्पट झाला की प्रत्येकाला जोडी मिळते आणि बीजाणू पुन्हा धरतात.

आता 'करतं काय' याबद्दल. एकाच प्रकारचे बीजाणू असलेल्या नेच्यांमध्ये एकपट संचातल्या (बीजाणूत असतो तेवढ्या निम्म्या संचातल्या) गुणसूत्रांची सरासरी ५७ च्या आसपास, तर दोन प्रकारचे बीजाणू असलेल्यांमध्ये १३-१४. त्यामुळे क्लेकोव्स्की आणि बेकर यांनी १९६६ मध्ये मांडलं की स्वफलनाने विविधता घटते, ती भरून काढायला हे जादा संच कामी येत असावेत. पुढे ऐंशीच्या दशकात विकरांवरून जनुकं तपासली, तेव्हा भरपूर गुणसूत्रांचे कितीतरी नेचे साध्या द्विगुणितासारखे, म्हणजे दोनच संच असलेल्या झाडासारखे, वागताना दिसले. जादा प्रती मुक्या झालेल्या, गुणसूत्रं मात्र जागेवर. चाळीतल्या बहुतेक खोल्यांना कुलूप लागावं आणि चाळ तशीच उभी राहावी, तसं. फुलझाडांतही प्राचीन दुपटी झाल्या, पण तिथे गुणसूत्रं जोडली-तोडली जाऊन आकडा पुन्हा खाली आला. नेच्यांत ही काटछाट फार सावकाश होते. म्हणून मोठा आकडा म्हणजे जास्त काम, असं धरू नकोस. तो इतिहासाचा साठा आहे, आणि मला तर तीच त्यातली सगळ्यात देखणी गोष्ट वाटते.

पानगळ_दादर:
आकडा आणि आकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही लक्षात घ्या. आजवर मोजलेला सर्वांत मोठा जीनोम न्यू कॅलेडोनियातल्या टमेसिप्टेरिस ओब्लॅन्सिओलाटा या नेच्याचा आहे, सुमारे १६० अब्ज बेस जोड्या (डीएनएच्या शिडीच्या पायऱ्या). २०२४ मध्ये जाहीर झाला. माणसाच्या पन्नासपट!

श्रावणसर_बोरिवली:
मॅडम, मग सगळ्याच प्राचीन बीजाणूवाल्यांत दुप्पट झालीच असणार का?

टेरिडो_मुलुंड:
नाही ना! सिलॅजिनेला मोलेनडॉर्फी या बीजाणूवाल्या, पण नेच्यांहून वेगळ्या शाखेतल्या वनस्पतीचा जीनोम २०११ मध्ये वाचला गेला. जेमतेम १० कोटी बेस जोड्या, आणि संपूर्ण दुपटीची खूण सापडली नाही. तीही अतिप्राचीन शाखाच. उलट इक्विसेटम या नेच्यांच्या नात्यातल्या कांडीदार वनस्पतीच्या आज हयात असलेल्या जातींत एकपट संच १०८ चा आहे, आणि त्यांच्या पूर्वजात प्राचीन दुपटीची खूण मिळते. त्यामुळे वय पाहून अंदाज बांधू नये, प्रत्येक शाखा वेगळी तपासावी.

तुमच्या गवतातली जात आधी ओळखून घे, ती रेटिक्युलॅटमच असेल असं नाही. मोजायचं असेल तर काडी अगदी कोवळी असताना घे, बीजाणू पिकल्यावर विभाजन संपलेलं असतं. एक भाग ॲसिटिक आम्ल आणि तीन भाग अल्कोहोल यात बुडव, मग ॲसिटोकार्मिन हा रंग लावून स्क्वॅश कर, म्हणजे काचपट्टीवर दाबून पसरव. झाड उपटू नकोस, काडीच पुरते. जमिनीखालचं खोड पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पान काढेल.