मदत हवी आहे: सिनॉप्सिसमधला रिसर्च क्वेश्चन पुन्हा परत आला

आर्या_२२ (शुक्रवार, रात्री १०:४०)
एमएस्सी नर्सिंग, पहिलं वर्ष. सोमवारी सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) द्यायचाय आणि गाईड मॅडमनी रिसर्च क्वेश्चन पुन्हा परत पाठवला. शेरा एवढाच: "फ्रेम झालेला नाही, पिकोत बसवा." अहो, पिकोत (पी पेशंट, आय उपाय, सी तुलना, ओ परिणाम) बसवूनच दिला होता! विषय थ्रोम्बोफ्लेबायटिस (शिरेला सूज येऊन आत रक्त गोठणं), तो बदलायचा नाहीये. कुणाकडे तयार नमुना असेल किंवा त्यांना नेमकं काय हवं असतं ते माहीत असेल तर प्लीज लवकर सांगा. गूगल करून झालंय, ते सुचवू नका.

सुलभा_मिरज
काय लिहून दिलं होतंस ते शब्दशः इथे टाक. आणि स्पेशालिटी कोणती? मेड-सर्ज (मोठ्यांचे आजार आणि शस्त्रक्रिया) की पीडियाट्रिक? पेशंट कुठले घेणार आहेस? त्याशिवाय कुणी काही सांगितलं तरी ते अंदाजानेच असेल.

रात्रपाळी
ताई, सोमवार आलाच. सरळ 'स्टाफ नर्सेसच्या थ्रोम्बोफ्लेबायटिसविषयीच्या ज्ञानावर स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रॅमची परिणामकारकता' घ्या. प्री-टेस्ट, पोस्ट-टेस्ट, पेअर्ड टी टेस्ट, काम झालं. एथिक्स कमिटीही फार प्रश्न विचारत नाही. आमच्या बॅचमधल्या बहुतेकांनी हेच केलं आणि सगळे पास झाले.

सुलभा_मिरज
रात्रपाळी, पास होतात हे खरं आहे. पण आज शिकवलं आणि आठवड्याने परीक्षा घेतली तर मार्क वाढणारच, हे अभ्यासाआधीच माहीत असतं. पेशंटच्या हाताची सूज कमी झाली का, हे त्यातून कळत नाही. मी पंचवीसेक वर्षं शिकवलंय. वॉर्डातल्या एका तरी सिस्टरच्या कामात फरक पडेल असा प्रबंध वाचायला मिळाला की अजूनही आनंद होतो, आणि असे प्रबंध कमी आहेत याचं वाईट वाटतं.

आर्या_२२
मेड-सर्ज. लिहिलं होतं ते असं: "सलाईनमुळे होणाऱ्या थ्रोम्बोफ्लेबायटिसवर नर्सिंग उपायांची परिणामकारकता काय आहे?" पी म्हणजे पेशंट, आय म्हणजे नर्सिंग केअर, सी नाही, ओ म्हणजे सुधारणा. यात पिको नाही का?

कोकणातला_नाना
मी नर्सिंगमधला नाही, पण विषय वाचून थांबलो. वडिलांना गेल्या महिन्यात सलाईन लावलं होतं, तिथली शीर अजून दोरीसारखी कडक लागते. कोणतं मलम लावावं? हिरड्याचा लेप चालेल का?

सुलभा_मिरज
नाना, ताप, पू, वाढती लाली किंवा अख्ख्या हाताला सूज असेल तर आजच दवाखान्यात न्या. तसं काही नसेल तरी एकदा डॉक्टरांना प्रत्यक्ष हात दाखवाच. फोरमवर मलम सुचवणं बरोबर नाही.

आर्या, चार अक्षरं भरली आहेस, पण एकाही अक्षरात माणूस किंवा कृती दिसत नाही. 'पेशंट' म्हणजे कोण? सत्तरीची डायबेटिक आजी की अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेला कॉलेजचा मुलगा? 'नर्सिंग केअर' उद्या सकाळी वॉर्डात जाऊन कर म्हटलं तर नेमकं काय करशील? 'सुधारणा' मोजायची कशाने? आणि सी नाही म्हणतेस, तर परिणामकारक कशाच्या मानाने? मुळात झालेला फ्लेबायटिस (शिरेची सूज) बरा करायचाय की होऊ नये म्हणून काही करायचंय? हे दोन वेगळे अभ्यास आहेत. बहुधा तुझ्या मॅडम इथेच अडल्या असाव्यात.

मॅगसल्फवाली
बरा करायचा अभ्यास घे. ग्लिसरीन-मॅगसल्फचा (मॅग्नेशियम सल्फेटचा) पॅक! आमच्या वॉर्डात वर्षानुवर्षं तेच. सूज आली की गॉज भिजवून ठेवतो आणि पेशंटला आराम पडतो. तुलनेला हेपॅरिनॉइड मलम (शिरेच्या सुजेवर लावतात ते) घे म्हणजे सी पण झाला. पिको तयार:
फ्लेबायटिस झालेल्या प्रौढांमध्ये ग्लिसरीन-मॅगसल्फ पॅक हा हेपॅरिनॉइड मलमापेक्षा वेदना व सूज कमी करतो का?

ग्रंथपाल_पुणे
वाक्यरचना चांगली आहे. पण कॅन्युला (शिरेत ठेवलेली सलाईनची सुई-नळी) काढली की पुष्कळ पेशंटचा सौम्य फ्लेबायटिस आपोआपच ओसरतो. दोन्ही गटांत सुधारणा दिसली तर ती पॅकची की काळाची? शिवाय या विषयावर आपल्याकडे लहान लहान प्रबंध भरपूर झालेत, अजून एकाने काय नवीन कळणार ते आधी सांगावं लागेल.

आणि पिकोबद्दल एक गोष्ट. रिचर्डसन आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये 'एसीपी जर्नल क्लब'मध्ये ही चौकट मांडली, ती रुग्णासमोर पडलेल्या प्रश्नाचं उत्तर साहित्यात शोधता यावं म्हणून. म्हणजे आधी प्रश्न, मग शोध, आणि उत्तर सापडलं नाही किंवा आपल्या रुग्णांना लागू पडत नसेल तर संशोधन. आपल्याकडे सिनॉप्सिसच्या फॉर्मचा एक रकाना म्हणून पिको भरला जातो आणि शोध मागाहून. आर्या, पबमेडवर (वैद्यकीय शोधनिबंधांच्या ऑनलाइन सूचीत) काय शोधलंत?

मॅगसल्फवाली
काळाने बरं होतं म्हणून पेशंटला दुखत ठेवायचं का? आणि आम्ही रोज डोळ्यांनी पाहतो त्याला काहीच किंमत नाही?

ग्रंथपाल_पुणे
किंमत आहे. सॅकेट यांनी १९९६ मध्ये एव्हिडन्स-बेस्ड मेडिसिनची (पुराव्यावर आधारलेल्या उपचारांची) जी मांडणी केली, त्यात स्वतःचा अनुभव हा उपलब्ध पुराव्याच्या जोडीनेच येतो. तुम्ही रोज पाहता म्हणूनच प्रश्न पडतो. पण प्रश्न पडणं वेगळं आणि उत्तर मिळणं वेगळं.

आर्या_२२
पबमेडवर 'थ्रोम्बोफ्लेबायटिस नर्सिंग' टाकलं, हजारो आले, बंद केलं. होऊ नये म्हणून करायचाय अभ्यास. मग कॅन्युला ७२ तासांनी बदलली तर फ्लेबायटिस कमी होतो का, हा घेऊ?

ग्रंथपाल_पुणे
हा प्रश्न सुंदर फ्रेम होतो, पण त्यावर मोठं काम झालंय. रिकार्ड आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियात ३२८३ रुग्णांवर चाचणी केली, २०१२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. एका गटात ठरावीक मुदतीने कॅन्युला बदलली, दुसऱ्यात गरज पडली तरच. फ्लेबायटिस दोन्हीकडे ७ टक्के. तेव्हापासून पुष्कळ ठिकाणी 'गरज असेल तेव्हाच बदला' हा नियम आला.

रात्रपाळी
असं ठामपणे लिहू नका. ऑस्ट्रेलियातल्या वॉर्डात आणि आपल्या वॉर्डात फरक आहे. रात्री एक सिस्टर आणि अख्खा वॉर्ड, खाली गाद्या टाकलेले पेशंट वेगळेच. 'गरज पडली तर बदला' म्हणायला कुणीतरी दर थोड्या वेळाने हात बघायला हवा ना? कोण बघणार? मुदत ठरलेली असली की निदान ती सुई निघते. भरती होत नाही, कंत्राटावर माणसं ठेवतात आणि वरून एव्हिडन्स मागतात. यावर कोण बोलणार?

ग्रंथपाल_पुणे
रात्रपाळी, तुमच्या शंकेला आधार आहे. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयांत गरजेनुसार बदलण्याचं धोरण आल्यावर रक्तातला जंतुसंसर्ग वाढल्याचं बुएटी आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये छापलं. चार लाखांहून अधिक कॅन्युलांची नोंद आहे त्यात. ती यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडलेली) चाचणी नाही, निरीक्षण आहे, तरी दुर्लक्ष करण्याजोगं नाही. म्हणजे वाद मिटलेला नाही. पण जंतुसंसर्ग इतका विरळ असतो की एका एमएस्सीच्या सँपलमध्ये तो दिसणारही नाही.

रानजाई
सगळेच आकड्यांत का अडकलात? पेशंटला पुन्हा पुन्हा सुई टोचून घेताना काय वाटतं, हे कुणी विचारत नाही. गुणात्मक अभ्यास घ्या. त्याला पिको लागत नाही, स्पायडर चौकट वापरतात. दहा-बारा सखोल मुलाखती. माझा प्रबंध तसाच होता आणि त्या मुलाखतींनी माझी सुई लावायची पद्धत बदलली. बसून, हात हातात घेऊन, आधी सांगून टोचते आता.

अनामिक_जीएनएम
नॉरसेटसाठी (एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरती परीक्षेसाठी) रिसर्चवर किती प्रश्न येतात? कुठलं पुस्तक करावं?

सुलभा_मिरज
अनामिक, त्यासाठी वेगळा धागा काढ. रानजाई, तुझं म्हणणं मोलाचं आहे, पण आर्याला होऊ नये म्हणून काय करावं हे शोधायचंय, तो प्रश्न मुलाखतींनी सुटणार नाही. आर्या, अजून वॉर्ड सांगितला नाहीस!

आर्या_२२
सीसीयू (हृदयरुग्णांचा अतिदक्षता विभाग). सांगितलं नव्हतं का? मी तिथूनच डेप्युटेशनवर आले. अमिओडारोनचं (हृदयाचे ठोके नियमित करणाऱ्या औषधाचं) इन्फ्युजन चालू असतं आणि हात लाल होतात, म्हणून तर हा विषय घेतला.

सुलभा_मिरज
अगं, मग धाग्याची सुरुवातच इथून व्हायला हवी होती! अमिओडारोन शिरेला झोंबणारं औषध आहे. एक तासाहून जास्त चालवायचं आणि मिलिलिटरला २ मिलिग्रॅमच्या वर तीव्रता असेल तर सेंट्रल लाईनमधूनच (मोठ्या शिरेतल्या नळीतूनच) द्या, असं औषधाच्या माहितीपत्रकातच असतं. तुमच्याकडे कितीचं करतात ते आधी बघ. तीव्रताच जास्त असेल तर तिथे संशोधन नको, लगेच डॉक्टरांशी बोलायला हवं. ती बरोबर असूनही हात लाल होत असतील, तर तुझा प्रश्न तिथे सुरू होतो.

आर्या_२२
तीव्रता बरोबर असते, डायल्युशन चार्ट भिंतीवर लावलेला आहे. मग असं चालेल?
"सीसीयूत हाताच्या शिरेतून अमिओडारोन चालू असलेल्या प्रौढ रुग्णांमध्ये, व्हीआयपी स्कोअरने दर चार तासांनी तपासणी केल्यास, पाळीत एकदा तपासण्याच्या तुलनेत, स्कोअर २ किंवा जास्त असण्याचं प्रमाण कमी होतं का?" (व्हीआयपी म्हणजे लाली, दुखणं, सूज पाहून सुईच्या जागेला ० ते ५ गुण; २ म्हणजे फ्लेबायटिसची सुरुवात.)

सांख्यिकी_अभय
आता वाचण्यासारखं झालं. पण दोन अडचणी. जास्त वेळा बघाल तर जास्त सापडेल. चार तासांच्या गटात स्कोअर २ चे पेशंट उलट वाढलेले दिसतील आणि तुम्ही निष्कर्ष काढाल की तपासणीमुळे फ्लेबायटिस वाढतो. दुसरं, वर्षाला अमिओडारोनचे पेशंट किती मिळतात? सध्या त्यातल्या कितींना फ्लेबायटिस होतो? हे दोन आकडे दिल्याशिवाय सँपल साईझ निघत नाही. तीस-तीस घेऊ नका, तो आकडा कुठूनही आलेला नसतो.

ग्रंथपाल_पुणे
तिसरी अडचण नैतिक आहे. इन्फ्युजन नर्सेस सोसायटीच्या मानकांत साधारण रुग्णाला किमान दर चार तासांनी आणि अत्यवस्थ किंवा गुंगीत असलेल्याला दर एक-दोन तासांनी जागा बघा असं आहे. सीसीयूत एका गटाला पाळीत एकदाच बघणार म्हटलं तर एथिक्स कमिटीने अडवावंच.

रात्रपाळी
प्रत्यक्षात पाळीत एकदा झालं तरी खूप, हेही कमिटीला कळू दे.

सुलभा_मिरज
ते खरं आहे, आणि ते लेखी द्यावं. पण पेशंटला त्याची शिक्षा नको.
आर्या, आय असा निवड जो सिस्टरच्या स्वतःच्या हातात आहे. औषध डॉक्टर ठरवतात, सेंट्रल लाईनही तेच. सुई लावताना तू काय ठरवतेस?

आर्या_२२
जागा. आमच्याकडे सवयीने मनगटाजवळ किंवा हाताच्या पाठीवर लावतात, सापडते म्हणून. मी शक्यतो फोरआर्मला (मनगट ते कोपर यामधल्या भागाला) लावते. माझ्या पेशंटचे हात कमी लाल होतात असं मला वाटतं, पण सिद्ध कसं करणार म्हणून सोडून दिलं होतं.

सुलभा_मिरज
बाळा, हाच तुझा रिसर्च क्वेश्चन. लिही आता.

मॅगसल्फवाली
हे मलाही पटलं. आमच्याकडेही मनगटावरच्या सुया आधी खराब होतात. पेशंट हात वाकवतो, सुई आत हलते.

आर्या_२२ (शनिवार, पहाटे १२:५५)
"सीसीयूत दाखल, परिघीय शिरेतून अमिओडारोन किंवा पोटॅशियम क्लोराईडचं इन्फ्युजन चालू असलेल्या प्रौढ रुग्णांमध्ये, कॅन्युला फोरआर्मला लावल्यास, हाताच्या पाठीवर लावण्याच्या तुलनेत, कॅन्युला काढेपर्यंत किंवा ७२ तासांपर्यंत (जे आधी असेल ते) व्हीआयपी स्कोअर २ किंवा अधिक होण्याचं प्रमाण कमी असतं का?"
तपासणी दोन्ही गटांत दर दोन तासांनी, सारखीच. पोटॅशियम घेतलं कारण नुसत्या अमिओडारोनचे पेशंट पुरणार नाहीत.

सांख्यिकी_अभय
छान. कॅन्युलाचा गेज (जाडी) दोन्हीकडे एकच ठेवा, सगळ्या गुलाबी म्हणजे २०. नाहीतर फोरआर्मला गुलाबी आणि हाताला निळी लागेल आणि फरक कशाने पडला ते कळणार नाही. स्कोअर देणारी सिस्टर कॅन्युला लावणारी नसावी. दोन आकडे अजून मिळालेले नाहीत.

ग्रंथपाल_पुणे
आता याच चार भागांचे शब्द पबमेडवर वेगवेगळे टाका आणि मग जोडा, हजारोंचे मूठभर होतील. फोरआर्म बरा असं मानकं आधीच सुचवतात, तेव्हा झोंबणाऱ्या औषधांबाबत स्वतंत्र पुरावा किती आहे ते तुमच्या प्रास्ताविकात यायला हवं. मॅडम पहिला प्रश्न तोच विचारतील.

आर्या_२२
रेकॉर्ड सेक्शनमधून आकडे उद्या काढते. सीटीआरआयला (वैद्यकीय चाचण्यांच्या भारतीय नोंदवहीत) पीजी थीसिसही नोंदवावा लागतो का? फी किती?

सांख्यिकी_अभय
गट पाडून उपाय देताय, म्हणजे हो. फी नाही. एथिक्स कमिटीचं पत्र आल्यावर, पण पहिला पेशंट घेण्याच्या आधी. मागाहून केलेली नोंदणी २०१८ पासून घेत नाहीत.

कोकणातला_नाना
वडिलांना सकाळी डॉक्टरांकडे नेतोय. त्यांनाही सुई मनगटावरच लावली होती.